वहीची उलटी बाजू

पुढून उधारी, मागून साखर.
वही एकच.
पुढे मेसवाले, लग्नघरं,
कडक भाकरीचे शेकडे, कुणाचे किती राहिले.
मागून, उलटी धरून, पहाटेचा आकडा:
एकशे बेचाळीस. एकशे एकोणीस.
मधली पानं अजून कोरी.

बाळीवेशीत माझ्या हाताला नाव आहे.
पापुद्रा असा, की उन्हाला धरला तर
पलीकडची बोटं दिसावीत.
आणि मीच ती खात नाही,
गड्ड्याची जत्रा उठली त्या दिवसापासून.
गिऱ्हाइकाला कशाला सांगू?
सोनार काय सगळे दागिने घालून बसतो?

जेवते अंबाडी, चवळीचा पाला,
दही वाटीभर, शेंगदाणे मोजून.
अंडं आमच्यात चालत नाही.
पहिले आठ दिवस तव्याचा वास
पदर धरून मागे मागे फिरायचा
हट्टी पोरासारखा.
नंतर तोही दमला.

डॉक्टरांना मात्र बोलले नव्हते.
वाटलं, ओरडतील.
मग एका रात्री दरदरून घाम,
हात लटलटायला लागले,
गुळाचा डबा हातात, पण झाकण उघडेना,
आणि शेजारी झोपलेल्या जावेला हाक मारायची
तर तिचं नावच आठवेना.
मशीनवर अठ्ठावन्न.

कन्ना चौकात येलदी डॉक्टरांपुढे
वही उलटी करून ठेवली.
चाळता चाळता ते पुढच्या बाजूला पोचले.
"हे बाराशे कधीचे?"
"ती साखर नव्हे," मी म्हटलं, "ते पाटील. वर्ष झालं."
हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नीलम्मा, भाकरी सोडलीत, गोळी तशीच चालू.
गोळीला काय माहीत?
ती वेळेवर येणार, साखर मागणार,
नसेल तर आहे त्यातली ओढून नेणार."

एवढं मला लगेच कळलं.
नवऱ्याचा माग बंद पडला तेव्हा
वसुलीला माणूस यायचा, तो असाच.

गोळी निम्म्यावर आली.
"मला हे सगळं पटलंय असं नाही," ते म्हणाले.
"किडनी बघू. तीन महिन्यांनी परत रक्त.
पण ताटातलं काही हललं
तर आधी मला कळवायचं."
"कळवीन," मी म्हटलं. "पण तुम्हीबी
नुसतं हे बंद, ते बंद म्हणू नका.
पोट बंद होत नसतंय."

तेव्हा हसले.
माझ्याच वहीत, मागून,
त्यांनी तारीख घातली, पुढे दोन ओळी.
अक्षर लागेना. दोनदा विचारलं.
दोन्ही वेळा सांगितलं.

उठताना, जरा हळू आवाजात:
शनिवारी तीस भाकरी मिळतील का,
मुलगी पुण्याला असते, पाठवायच्यात.
खिशात हात घातला.

नको म्हटलं, राहू द्या.
वही सरळ केली
आणि त्यांचं नाव पुढच्या बाजूला लिहिलं.
आता दोन्हीकडून हिशेब आहे.