नीळ

शिबिरात उजवा डोळा झाला.
हिरवी पट्टी सुटली त्या सकाळी
डोमाजी पेंटर अंगणात उभा राहून
आधी उजव्याने, मग डाव्याने
दोरीवरचं धोतर बघत बसला.
"ह्या डोऱ्यानं पांढरं," म्हणाला,
"अन् ह्यानं चहात बुडवलेलं."

झाडीतल्या नाटकांचे पडदे रंगवत
चाळीस हंगाम काढले त्याने:
महाल, तुरुंग, जंगल, नदीकाठ.
सरस मी शिजवायचो, खडूची भुकटी चाळायचो,
आणि गेली आठ-दहा वर्षं
निळीच्या पुड्या फोडत राहायचो.
"अजून टाक. आभार मेल्यावानी दिसते."
(आभाळाला आमच्याकडे आभार म्हणतात.)
मी टाकायचो.
मला ते केव्हाच जिवंत झालेलं दिसायचं.

परवा वडशाच्या गोदामात
जुने पडदे त्याने स्वतः उलगडले.
पहिलं आभाळ
धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्याएवढं फिकं.
मग जरा गडद. मग आणखी.
शेवटच्यावर तर
कोणी दौत पालथी केलेली.
डावा डोळा तळहाताने झाकून
तो पोत्यावर बसला.
"हे म्या केलं?"

मोतीबिंदू आंब्यासारखा पिकतो,
आतून, घाई न करता.
रोज थोडं गेलेलं
गेलं म्हणून कळत नाही.
आत जेवढं गाळलं जात होतं
तेवढं तो बाहेर ओतत राहिला, बस.

"लोक हासत असतीन."
कोणी हसलं नाही, मास्तर.
तणसावर बसलेला माणूस,
रात्रीचे तीन, अर्धी झोप,
वर पिवळे हॅलोजन.
तो उजेड निम्मी नीळ खाऊन टाकायचा,
उरायची ती नेमकी आभाळाएवढी.
दिवेही तुमच्या डोळ्यासारखेच पिकलेले होते.
गावोगाव साऱ्यांनी
तुमच्याच डोळ्याने पाहिलं.

यंदा मंडळाने पांढरे एलईडी आणलेत.

नव्या पडद्याला संध्याकाळची नदी हवी होती.
मी सवयीने पुडी फोडायला घेतली.
"नीळ ठेव."
खडूत काजळी कालवली त्याने,
चुलीतल्या राखेचा रंग,
आणि शेंदरी आभाळाखाली
एक लांब पट्टा ओढला.
"आता माघं सरक. अजून. तिथं."
पाणी होतं.
निळं, वैनगंगेचं, थंडीतलं.
"मास्तर, निळं कुठून आलं?"
"शेंदऱ्याच्या शेजारून. डोरा
एकट्या रंगाले वळखत नाही,
शेजारी कोन बसला ते पायते."

पुढे गेलो, बोट लावलं.
राख.
मागे आलो.
ठाऊक असूनही
पाणी.

डाव्या डोळ्याची तारीख होळीनंतरची आहे.
तो ती पुढे ढकलतोय,
कारण सांगत नाही.
कधी कधी काम थांबवून
उजवा मिटतो,
आणि पडद्याकडे नाही, दाराबाहेर बघतो,
जिथे दुपारी बारालाच
साऱ्या शिवारावर
ऊन कलल्यासारखं पिवळं पडलेलं असतं,
फक्त त्याच्यासाठी.