चतुःसीमा, मौजे हैल अस-सिद्र

इथे विलायत म्हणजे तालुका.
हे आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
मग आम्ही इतकी वर्षं उगाच दबकून होतो.

सिद्र म्हणजे बोर.
हैल म्हणजे ओढ्यानं आणून टाकलेली सपाटी.
थोडक्यात, बोरगाव. आमच्याकडे दर तालुक्याला एखादं,
पोस्टमन वेडा होऊ नये म्हणून पुढे
बुद्रुक नाहीतर खुर्द जोडतात.
मोजणीवहीत मी पेन्सिलीनं लिहून ठेवलं: खुर्द.
साहेबानं विचारलं तर खोडू.

चतुःसीमा येणेप्रमाणे.

पूर्वेस वादी.
वर्षाचे साडेतीनशे दिवस
ती नदी आहे हे विश्वासावर घ्यायचं.
पुलाच्या खांबावर पाण्याची उंची मोजायला
लाल-पांढरी पट्टी रंगवलीय,
तिच्या सावलीत शेळ्या रवंथ करतात.
उरलेल्या दिवसांत कधीतरी ती येते,
एक पिकअप, चार खजुरी,
एकदा तर शाळेची अख्खी भिंत घेऊन जाते,
आणि मगरिबपर्यंत पुन्हा नुसते गोटे.

पश्चिमेस:
नंतर.

उत्तरेस डोंगर, करपलेल्या भाकरीच्या रंगाचा.
त्याच्या पायथ्याला उम्म, म्हणजे आईविहीर.
तिथून साडेपाच किलोमीटर जमिनीखालून
पाणी गावापर्यंत चालत येतं,
वीज गेल्यावर आपण भिंतीला हात लावून चालतो तसं.
कुणी खणलं हे?
जिनांनी, एका रात्रीत, म्हणाले खल्फान बिन नासिर.
मी लेव्हल लावली. उतार हजारास एक.
जिनांकडे दुर्बीण कुठल्या कंपनीची होती, विचारलं
तर दातांशिवाय हसले, आणि अजून एक कप कहवा ओतला.

खल्फान इथले पाटकरी होते.
दिवसाची पाळी काठीच्या सावलीवर, रात्रीची ताऱ्यांवर.
आधी पिण्याचं. मग मशिदीचं. मग मयताच्या आंघोळीचं.
खजुरी त्यानंतर. लसूण सगळ्यांत शेवटी.
आता काठीपाशी मोतालेब उभा असतो, नोआखालीचा,
ज्याच्या गावात पाणी आत आणायची नाही,
बाहेर काढायची भांडणं.
मनगटाला घड्याळ आहे त्याच्या.
तरी सावलीच बघतो.
घड्याळ मागे-पुढे करता येतं, म्हणतो.

दक्षिणेस हमरस्ता.
आधी तो गावातून जायचा, आता गावाला वळसा घालून,
म्हणून दुकानांच्या पाट्या चुकीच्या बाजूला तोंड करून उभ्या.
पेट्रोलपंप, मलबारी चहा, त्यामागे एकुलतं उरलेलं बोराचं झाड
(फळ पिठूळ, आपल्यापेक्षा बारीक, मीठ लावल्यास बरं),
आणि त्याला खेटून एक पडकी भट्टी.
यात खजूर उकळायचे तांब्याच्या कढयांत,
वाळवून पोती भरायचे, उंटावरून बंदराला,
बंदरातून गलबतानं मुंबईला.
मी विचारलं, तिथे काय म्हणत याला?
खल्फान म्हणाले, तुम्हीच सांगा.

खारीक.

माझ्या वेळी आईनं खाल्लेल्या डिंकाच्या लाडवांत
तिची पूड होती, पावशेर, आत्यानं खलबत्त्यात कुटलेली.
कुणाची तरी अर्ध्या तासाची पाळी
माझ्या हाडांपर्यंत पोचली असण्याची शक्यता आहे.
शक्यताच. नोंद नाही.
काजळीला बोट लावून पाहिलं. अजून निघते.

राहिली पश्चिम.
शेवटचं घर झुवैनाबाईंचं.
नवव्या वर्षी झांझिबारहून आल्या, भांबावलेल्या,
फ्रॉकच्या खिशात मूठभर लवंगा.
मांजराशी अजून स्वाहिलीत बोलतात.
हद्दीचे दगड पुरात वाहून गेलेत, शेजारी कुणी नाही,
म्हणून त्यांनाच विचारलं: तुमच्या घराच्या पश्चिमेस काय?
समुद्र, म्हणाल्या, मांजरावरची नजर न काढता.

समुद्र इथून सव्वाशे किलोमीटर. आणि उलट्या दिशेला.
मोतालेबनं माझ्याकडे पाहिलं. टेप त्याच्या हातात तसाच लोंबत.

मी लिहिलं: पश्चिमेस समुद्र.
या वेळी पेनानं.
मग टेपचं दुसरं टोक पकडून
आम्ही तिकडे, गोट्यांवरून, जाईल तिथपर्यंत मोजत गेलो.