सामुद्रधुनी

आमच्या देशाला समुद्र नाही.
होता. पणज्याच्या काळात लढाईत गेला,
शाळेतल्या नकाशावर अजून निळा आहे.
नौदल मात्र आहे,
आणि नौदलाला पायदळ आहे,
आणि त्या पायदळात माझा तिबुर्सियो,
वय एकोणीस, बूट एक नंबर मोठे.

मी या काठावर मासे तळते,
तो पलीकडे, बराकीत.
मध्ये तितिकाका चिंचोळा होतो,
कागदोपत्री त्याला तिकिनाची सामुद्रधुनी म्हणतात.
समुद्र उरलाय तो त्या शब्दात.

दर मंगळवारी ते किनारा जिंकतात.
करड्या होड्या नाक वर करून येतात,
फळी आपटते,
पोरं बंदुका डोक्यावर धरून
कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात उड्या टाकतात, ओरडत,
आणि दोन्या फेलिसाच्या मेंढ्या
चरता चरता जरा बाजूला सरकतात.

"कुणाशी लढता रे?" सुट्टीवर आला तेव्हा विचारलं.
"किनाऱ्याशी.
होडीतून सगळ्यांत आधी उतरायचं,
सगळ्यांत शेवटी चढायचं. एवढंच."
"आणि मधल्या वेळात?"
"बूट सुकवायचे. ते सुकत नाहीत."

मार्चमध्ये समुद्राचा दिवस असतो.
बँड वाजतो, पाण्यात फुलं सोडतात,
कॅप्टन गेलेल्या बंदरांची नावं
मेलेल्या लेकरांसारखी घेतो.
मीही रडते.
गर्दीत रडू येतंच.

ऑगस्टातल्या त्या रात्री वारा पिसाळला होता.
आसेन्सियोचा तराफा मध्यावर कलला,
वर बटाट्यांचा ट्रक,
ट्रकमध्ये झोपलेली माणसं.
पलीकडे शिट्टी झाली. मग बॅटऱ्या.
मंगळवार नव्हता.
कुणी ओरडत नव्हतं.
होड्यांचा तेवढा आवाज, आणि पाण्यात उतरणाऱ्या पायांचा.

तिबुर्सियो एका म्हातारीला पाठुंगळी घेऊन
माझ्याच काठाला लागला.
ती त्याच्या डोक्यात बुक्के घालत होती:
गाठोडं राहिलं, मेल्या, गाठोडं!
त्यानं तिला माझ्या टपरीत बसवलं,
माझ्याकडे बघितलंही नाही,
परत गेला.

पाच जणांना आणलं.
आसेन्सियो पहाटे सापडला.
त्याच्या बायकोला उठवायला मीच गेले.

उजाडता उजाडता पोरगा चुलीपाशी येऊन बसला.
त्याचे बूट मी पालथे घातले,
कोकाचा चहा हातात दिला.
बराच वेळ कप नुसता धरून होता.
मग म्हणाला,
"खाली बटाटे होते गं. सगळीकडे बटाटे.
बॅटरी मारली की माणसांची डोकी वाटायची."

पुढच्या मंगळवारी पुन्हा होड्या आल्या,
फळी आपटली, पोरं ओरडली,
मेंढ्या सरकल्या.
मी कालथा खाली ठेवला आणि मोजलं.
उतरले बावीस.
चढेपर्यंत तिथेच उभी राहिले.
बावीस.
मासे एका बाजूनं करपले होते.