इतर खर्च

दांडेकर पुलाजवळच्या दोन खोल्या सोडून
आम्ही बाणेरला आलो, पाचव्या मजल्यावर.
लिफ्टमधून आधी गोदरेजची कपाटं गेली,
मग फायली, मग मी,
एकोणतीस वर्षांची कॅशबुकं छातीशी धरून.

भिंतीवर नवा नकाशा आहे.
निहार खुर्चीवर चढून टाचण्या टोचतो :
धडगाव, किनवट, जव्हार, परांडा,
पुढच्या वर्षी सीमेपलीकडे बिदरसुद्धा.
"काकू, लाल म्हणजे चालू, पिवळी म्हणजे मंजूर."
आणि मंजूर नाही पण वाटतंय, ती?
तो हसतो. "हिरवी."

मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू.
धडगावच्या मुलींचं हिमोग्लोबिन रकान्यात बघते,
आठ पॉइंट दोन, नऊ, नऊ पॉइंट सहा,
आणि मनात म्हणते, चढा गं बायांनो, चढा.
कधी न पाहिलेल्या गावाचा आकडा हलला
की डब्यातली तिसरी पोळीही संपते.

फक्त, नव्या सॉफ्टवेअरमध्ये
"इतर खर्च" हे खातं नाही.
प्रत्येक रुपयाला प्रकल्प पाहिजे,
देणगीदाराच्या यादीतला नंबर पाहिजे.

जुन्या वहीत आंबिल ओढ्याच्या बालवाडीच्या पानांवर
शेवंता अडागळेच्या तिरप्या अक्षरात :
खोबरेल तेल, अकरा रुपये, पोरं तशीच येतात म्हणून.
सुतळी.
रिक्षा, ससूनपर्यंत, रात्री दोनला, पावती नाही.
केळी, सहा.
कोणासाठी ते लिहिलेलं नाही.
मीही विचारलं नाही, सही केली.

ती बालवाडी एकतीस मार्चला बंद होते आहे.
बंद नाही म्हणायचं. हस्तांतरण.
महापालिका चालवेल, नाहीतर वस्ती चालवेल,
नाहीतर कुलूप चालवेल.
एवढ्या मोठ्या नकाशावर पुणं इतकंसं
की मुख्य कार्यालयाचीच टाचणी सगळं शहर झाकते.
ओढा, पूल, पत्र्याची ती खोली,
सगळं तिच्या गोल डोक्याखाली.

काल शेवंता आली, लिफ्टला भिऊन जिन्याने,
उरलेल्या पाट्या, मुळाक्षरांचा तक्ता
आणि वजनकाटा परत करायला.
धाप लागलेली.
नकाशासमोर बराच वेळ उभी होती.
मला वाटलं, आता विचारेल,
मी उत्तरही जुळवायला घेतलं होतं.
म्हणाली, "एवढ्या गावांत आपली पोरं?"
हो म्हटलं.
"मग काटा तिकडं धाडा की.
बारा किलोच्या वर जरा खोटं बोलतो,
पाव किलो कमी धरा म्हणावं."

काटा जव्हारला निघालाय.
कुरिअरचे चारशे ऐंशी रुपये.
सॉफ्टवेअर विचारतंय, कुठलं खातं.
मी "शेवंता" टाकून पाहिलं.
अवैध नोंद, म्हणालं, लाल अक्षरात.

पैसे मग माझ्या पर्समधून गेले.
खोक्यावर पत्त्याच्या खाली जागा होती थोडी,
तिथे शाईपेनाने लिहिलं, पावसात पुसेल म्हणून वर चिकटपट्टी लावली :
बारा किलोनंतर पाव कमी धरावा.