पोचा

गोगटे सर्कलला टेम्पो मागं घेताना
मल्लाप्पा हुक्केरीनं माझ्या गाडीच्या दाराला
वाटीएवढा पोचा पाडला.
"तप्प नंद री," म्हणाला,
बाकीचं मोडक्या मराठीत.
अडीच हजार मात्र अख्खे मोजले.

ते गेले वत्सलेच्या चष्म्यात,
उरलेसुरले कुंद्यात.

महिन्याभरानं शनिवार खुटावर भेटला.
बैलाच्या पाठीवरून फिरवावा
तसा दारावरून हात फिरवला.
"अजून केला नाही की हो?"

पैसे माझे. पोचाही आता माझाच.
काढलाच पाहिजे, असं
कुठल्या कागदावर लिहिलंय?
तरी तोंडातून निघालं,
"डेंटिंगवाला गावाला गेलाय."

मान डोलावली त्यानं.
आत बसलेली वत्सला
नव्या काचांतून
आधी त्याच्याकडं बघत होती,
मग माझ्याकडं,
जरा जास्तच वेळ.