रातपाळी

मार्चात माग विकले. दोन्ही.
अशोक चौकातल्या भंगारवाल्यानं किलोवर घेतले.
टेम्पोत चढवताना एकाचा धोटा खाली पडला,
तेवढा राहिला माझ्याकडे.

तिसऱ्या रात्री राजमणी उठून बसली.
म्हणाली, भिंतीत कोणतरी आहे.

मला काय ऐकू येणार.
एकतीस वर्षं खटखटीत उभा राहिलेला माणूस मी.
डावा कान कापूस कोंबल्यासारखा,
उजव्यात अजून एक माग चालू असतो,
तो काही भंगारात देता आला नाही.

ती ऐकायची आणि सांगायची.
आता कपाटामागे.
आता देवाच्या फळीखाली.
आता थांबलाय. दुसरा आला. काहीतरी ओढतोय.
अंधारात मोबाईलची बत्ती तिच्या तोंडावर धरून
मी उंदीर ऐकले.

एलुका, म्हणाली ती हळूच, माहेरच्या भाषेत,
जणू मराठीत नाव घेतलं तर त्यांना कळेल.

मग सगळं केलं.
मंगळवार बाजारातून पिंजरा आणला,
आकड्याला कडक भाकरी, वर शेंगाचटणी.
भाकरी गेली, पिंजरा तसाच उघडा.
दार पडलं ते सकाळी, नातवाच्या बोटावर.
औषधाच्या निळ्या वड्या टाकल्या,
त्या मुंग्यांनी नेल्या.
शेजारचे सिद्रामप्पा म्हणाले,
सिमेंटात काच कालवून भोकं बुजवा की ओ,
आमच्यात एक बी नाही.
भिंत एकच आहे. अर्धी त्यांची.

मी म्हटलं, माग गेले, घर रिकामं दिसलं, म्हणून आले.
राजमणी विडीला दोरा गुंडाळत होती.
मान वर न करता म्हणाली,
आज नाही आले. होतेच.
तुमची खटखट थांबली म्हणून ऐकू आले.

नळाला पाणी आलं त्या दिवशी, पाचव्या,
घागरी भरून झाल्यावर छिन्नी घेतली.
दोन विटा निघाल्या, मग माती,
मग हाताला मऊ लागलं.

सूत.
किरमिजी, लातूरच्या लॉजची ऑर्डर,
पाचशे टॉवेल, त्याचे पैसे अजून यायचेत.
मोरपंखी, मोठीचं लग्न झालं त्या वर्षीचं.
पिवळं फक्त एकदाच विणलं होतं, रंग सुटला म्हणून परत आलं.
तेंदूच्या पानांचा चुरा, रेशनकार्डाचा कोपरा,
आणि पांढरं. किती पांढरं.

शेठ दर हप्त्याला वजन करायचा.
दिलं तेवढं भरायचं नाही, मजुरीतून कापायचा.
आणि मी घरात हिशेब लावायचो,
कांड्या कोण भरतं, किल्ली कुणाकडे असते.
व्यंकटेशकडे असायची.
तिचा धाकटा भाऊ.
त्याच्या पिशवीत हात घातला होता मी, गल्लीत, सगळ्यांसमोर.
पिशवीत डबा होता.
नऊ वर्षं झाली.
गड्ड्याच्या जत्रेत दिसतो कधी, पाळण्यांच्या बाजूला,
मान वळवतो.

राजमणीनं तराजू आणला.
मातीसकट दीड किलो.
काही बोलली नाही. पुन्हा एकदा तोललं.

घरट्याच्या तळाशी पिलं होती, सहा की सात,
बोटाच्या पेराएवढी, डोळे न उघडलेली.
ती सुपात घेऊन मागच्या गटाराकडे गेली,
रिकामं सूप घेऊन आली.
मी विचारलं नाही.

भिंत अजून उघडीच आहे.
सिद्रामप्पा रोज विचारतात, सिमेंट आणलं का.
पोतं आणलंय. काचही फोडून ठेवलीय.
व्यंकटेश आता गवंडीकाम करतो, जुळे सोलापुरात,
हात चांगला आहे म्हणतात.

नंबर तिच्याकडे आहे.
मी लावीन.
पण तो काय बोलेल ते मला ऐकू येणार नाही,
तिच्या तोंडाकडे बघावं लागेल.