पाठपोट

एका बाजूला दोन रुपये, पाठपोट तीन.
बोर्डावर एवढंच लिहिलंय,
बाकी मी तोंडी सांगतो.

वैजंता सोनकांबळे आली तेव्हा पावणेदोन वाजले होते.
मागच्या गल्लीतल्या हॉस्पिटलातून, जवळजवळ पळत,
हातात साडीच्या दुकानाची पिशवी, वर गाठ मारलेली.
"अर्ध्या तासात परत ठेवायचीय," म्हणाली,
"सिस्टर जेवायला गेल्यात."

फाइल मिळेल का, असं तिनं सरळ विचारलं होतं काउंटरला.
काउंटर म्हणालं, कशाला पाहिजे?
हा प्रश्नच असा
की खरं उत्तर दिलं तर फाइल मिळत नाही.

सत्तेचाळीस पानं.
मी लोकांचं वाचत नाही, पण डोळे असतात.
वय छत्तीस. रक्त साडेसात.
शेवटच्या पानावर इंग्रजीत तीन अक्षरं, खाली सही.
"पिशवी काढायला सांगितलीय. शुक्रवारी."
मी क्षणभर तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं.
मग कळलं.

बोट क्लब रोडला ती ज्यांची भांडी घासते
त्या मॅडमचा गुडघा तीन डॉक्टरांनी पाहिला,
चौथ्यानं परदेशातून, फोनवर.
गुडघा अजून होता तिथंच आहे.
मॅडमची फाइल मॅडमच्या ड्रॉवरमध्ये असते.
त्या ड्रॉवरवरची धूळ वैजंता पुसते.

सोनोग्राफीचा कागद काचेवर ठेवला.
तो गुळगुळीत कागद माझ्या मशीनला झेपत नाही,
सगळं काळं येतं.
शाई कमी केली, दुसरी काढली.
तिसऱ्या वेळी राखाडीत ढगासारखं काहीतरी उमटलं.
"ह्यात काय दिसतंय?"
"मला नाही कळत, ताई."
"मलापण नाही. पण कळणाऱ्या अजून एकानं बघावं.
एवढंच."

आणि मग, आवाज उतरवून,
"डॉक्टरांना राग येईल का ओ?"

इथून चार पावलांवर जुना बाजार भरतो,
बुधवारी, रविवारी.
तिथं माणूस गंजका पाना घेतानाही
पाच पथाऱ्या फिरतो, उलटा करून बघतो,
नको म्हणून निघतो, पुन्हा येतो,
आणि कुणाचा अपमान होत नाही.

मत द्यायचं असलं की हिला दारातून रिक्षानं नेतात.
मत घ्यायचं असलं
तर एका दिवसाचा खाडा, पहाटे सहाची रांग
आणि चोरून आणलेली सत्तेचाळीस पानं.

एकाहत्तर झाले. सत्तर घेतले.
काळी आलेली दोन धरली नाहीत.

महिन्यानं आली, मुलीच्या दाखल्याची प्रत काढायला.
मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं.
ससूनच्या बाई म्हणाल्या, काढावी तर लागेलच.
पण दोन्ही बाजूंचं अंडाशय राहू देऊ,
आधी अंगात रक्त येऊ दे,
मग दिवाळी झाली की बघू.
"आणि चित्र काढून दाखवलं. तुमच्याच कागदावर."

सत्तेचाळिसावं पान. त्याची पाठ कोरी राहिली होती.
घडी उलगडली तिनं:
बॉलपेननं काढलेला एक उलटा पेरू,
दोन्हीकडं एकेक फांदी.
"हे माझं," म्हणाली,
जसं शाळेच्या फोटोत कुणी स्वतःला दाखवतं.

माझ्या अण्णांची फाइल एकशे बारा पानांची होती.
मशीन घरचं, कागद घरचा.
एकदाही काचेवर ठेवली नाही.
एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचं, म्हणाले अण्णा,
आणि मी मान हलवली.
ती फाइल अजून माळ्यावर आहे, टोनरच्या खोक्यात.

मागं कुणीतरी आधार कार्ड घेऊन खोळंबलं होतं.
"एकच बाजू," मी विचारलं, "का दोन्ही?"